दोन सुपाऱ्यांचा नेम

सोलापूर. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, गुरुवार. दिवेलागणीनंतर.

आज चुकले मी. क्लबातले बिलियर्ड हे ह्यांचे एकुलते एक वेड. पैसे लावीत नाहीत हे ठाऊक असूनही मी त्याला जुगारच म्हणत आले. आज कधी नव्हे ते मला शिकवायला बसले, पाटावर दोन सुपाऱ्या मांडून.

"अगं, ही सुपारी कोपऱ्यात घालवायची ना? मग हिच्याकडे बघायचंच नाही. आपली सुपारी हिला जिथं येऊन टेकेल, ती रिकामी जागा हेरायची. नेम तिथं!"

टिचकी मारणार, तोच माझे लक्ष गेले. एक सुपारी दुपारच्या पूजेत गणपती म्हणून मांडलेली!

"देवाला टिचक्या मारता? लाज नाही वाटत?"

ह्यांनी दोन्ही सुपाऱ्या धोतराला पुसून तबकात ठेवल्या.

मग आठवले. अक्षता वाहून विसर्जन तर मीच केले होते. मग देव कुठला उरला होता तिच्यात? एरवी पूजेची सुपारी वाया नको म्हणून मीच कातरून ह्यांच्या विड्यात घालते! सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आपल्या आवडीचे काही दाखवीत होते, आणि मी...

तबक पुढे केले. म्हटले, "दाखवा ना, ती रिकामी जागा."

"राहू दे. देवाच्या आहेत त्या."

रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते.

जेवणे झाली. विडा करायला तीच सुपारी अडकित्त्यात धरली आहे. दाबवत नाही.