तीन आठवडे लाल चौकोनात

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे चरित्र लिहिणाऱ्याचे हाल नकोत.
मालकांनी बोलावलं. आमचा बिजागऱ्यांचा कारखाना लीन आणि स्मार्ट करायचा, जबाबदारी माझी. जमलं तर मी प्लँट हेड. जमलं तर म्हणे! दोन दिवसांचा कोर्स केलाय मी, सर्टिफिकेटसकट. लीन म्हणजे बिनकामाचं ते काढून टाका. स्मार्ट म्हणजे बिनकामाचं काय ते सेन्सर सांगणार. इतकं सोपं.
बायकोनं अभिनंदन केलं नाही. एवढंच विचारलं, माझ्या भावाच्या नोकरीला धक्का नाही ना? मेव्हणा आमच्याकडे मशिनांना तेल घालतो. मीच चिकटवलाय. तिला आठवड्यातून एकदा आठवण करून द्यावी लागते.

६ मार्च, गुरुवार
लाल स्टिकरचा नियम काढला. ज्याचा उपयोग दिसत नाही त्याला स्टिकर लावायचा, तारीख टाकायची, कोपऱ्यात लाल रंगानं आखलेल्या चौकोनात ठेवायचं. तीन आठवड्यांत एखाद्या खात्यानं मागितलं तर ठीक, नाहीतर बाहेर. नोटिशीच्या शेवटी मी माझ्या मनानं घातलं, वस्तू असो वा व्यक्ती. वाक्याला वजन आलं. मालकांनी दोनदा वाचलं.
आज लावले: मोडका पंखा, कामगारांचा बाक, चहाची किटली. किटलीवरून आरडाओरडा. काही चांगलं करायला जा, लोकांच्या पोटात दुखलंच म्हणून समजा.

८ मार्च, शनिवार
स्टिकरचा रोल घरी आणला. शिलाई मशीन वर्षभर बंद. लावला स्टिकर. बायकोनं रोल नीट उचलून कपाटात ठेवला. पटतंय हळूहळू.

१३ मार्च, गुरुवार
सेन्सर बसले. बसवणारी इंजिनिअर मुलगी हुशार, पण आगाऊ. प्रत्येक मशीन किती तापलंय ते स्क्रीनवर दिसतं. प्रत्येकाच्या गळ्यात चिपचं कार्ड. कोण कुठे गेला आणि त्यानं कामात काय फरक पडला, तेही दिसतं. तुमचंही कार्ड चालू करू का, असं तिनं विचारलं. म्हटलं, पहिलं माझंच कर.

१९ मार्च, बुधवार
पहिला ग्राफ. मी पत्रा कापणाऱ्या प्रेसजवळ गेलो की उत्पादन घसरतं, निघालो की चढतं. मुलगी ओठ चावत उभी. मी समजावलं, बाई गं, लोकांचे हात आदरानं थांबतात. आदर मोजणारा हा पहिलाच कारखाना असणार! फेऱ्या वाढवल्या.

२१ मार्च, शुक्रवार
मोठा शोध. स्क्रीनवर सगळी मशिनं हिरवी, एकही तापत नाही. मग मेव्हणा दिवसभर तेलाचा डबा घेऊन करतो काय? आजारच नाही तर डॉक्टर कशाला पोसायचा? तो म्हणाला, भावोजी, मी तेल घालतो म्हणूनच हिरवी आहेत. स्टिकर लागला की जो तो असंच म्हणतो.
घरचा म्हणून सोडलं तर उद्या लोक तोंडात शेण घालतील. सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर स्टिकर लावला, जरा गंमत म्हणून. एकजण हसेल तर शपथ. विनोदबुद्धी शून्य. तो तीन आठवडे थांबलाच नाही, कार्ड टेबलावर ठेवून निघून गेला. बाळ लहान आहे त्याचं, घरी वेळ देता येईल. किती लोकांचं भलं करतोय मी.

२२ मार्च, शनिवार
बायको कालपासून बोलत नाही. घरातला आवाज निम्म्यावर. लीन घरातही रुजतंय.

२७ मार्च, गुरुवार
मोठं प्रेस पिवळं दिसायला लागलं. मुलगी म्हणाली, तेल घाला. म्हटलं, पिवळं कुठून सुरू होतं तो आकडा वर ने. ती तयार होईना. शेवटी पासवर्ड माहीत होता, मीच नेला. पुन्हा सगळं हिरवंगार. तेलाचा एक थेंब न घालता!

३१ मार्च, सोमवार
मोठं प्रेस जळालं. धूर, ठसका, सगळे बाहेर. स्क्रीन मात्र शेवटपर्यंत हिरवा. ऑर्डर हातची गेली.
मालक आले. मी म्हटलं, एक मशीन आपोआप कमी झालं, लीनची पुढचीच पायरी आहे ही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला विचारलं, कारखान्यात सगळ्यात कमी उपयोग कशाचा? तिनं बटण दाबलं. स्क्रीनवर एकच कार्ड आलं. फोटो छान आलाय माझा.
मालकांनी माझाच नियम मोठ्यानं वाचला, शेवटच्या ओळीसकट, आणि स्टिकर माझ्या छातीवर लावला. या वेळी सगळे हसले. म्हणजे विनोदबुद्धी आहे. मेव्हण्याला परत यायचा फोन गेला.

२ एप्रिल, बुधवार
लाल चौकोनात खुर्ची टाकून बसलोय. डावीकडे बाक, उजवीकडे मोडका पंखा. मालक म्हणाले, सगळ्यांची मुदत एकदमच मोजू. किटली कोणीतरी पहिल्याच दिवशी मागून नेली होती. उत्पादन वाढलंय म्हणे. घडी कोणी बसवली? आता माझ्यासाठी खात्यांची भांडणं लागणार, कोणाला नाही म्हणायचं हाच प्रश्न.

१४ एप्रिल, सोमवार
बाक पॅकिंगनं मागितला. पंखाही गेला, स्टोअरवाल्यानं दुरुस्त करून घेतला. मोडक्याला गिऱ्हाईक मिळतं, मग आपण तर चालू स्थितीत! स्टोअरमध्ये सहज डोकावलो. स्टोअरवाला म्हणाला, जागा नाही, पंखा ठेवलाय.
बायको आज बोलली. विचारलं, कोणी मागितलं का? म्हटलं, रांग लागलीय. ती बरं म्हणाली आणि शिलाई मशीनवरचा स्टिकर नखानं खरवडत बसली.

२१ एप्रिल, सोमवार
शेवटचा दिवस. सुटायच्या आधी मेव्हणा आला. गळ्यात नवं कार्ड, हातात मागणीचा कागद, त्यावर मालकांची सही. मला भरून आलं. शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस. मोठ्या मनानं म्हटलं, झालं गेलं विसर. तो म्हणाला, भावोजी, जरा उठता का? नव्या प्रेसला वरून तेल घालायचंय, चढायला काहीतरी हवं होतं. खुर्ची घेऊन गेला.
घरी आलो. आतून शिलाई मशीनचा आवाज. दाराबाहेर माझी बॅग, कपडे व्यवस्थित घड्या घालून भरलेले. बॅगेवर लाल स्टिकर आणि बायकोच्या अक्षरात आजची तारीख.
आजची. म्हणजे अजून तीन आठवडे आहेत.