ह्यांचे रविवार

दिनांक १४ मार्च २०२६, शनिवार. सकाळी आठ वाजता अंगणातल्या बोअरमधले पाणी जमिनीखाली अकरा मीटर बेचाळीस सेंटिमीटर. आकाश स्वच्छ, वारा नाही. नऊला चहा आणि टोस्ट. डोळ्यांचे डॉक्टर आणि औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई अकराला साक्षीदार म्हणून येणार आहेत. तोवर हे लिहून पुरे करायचे आहे.

मी, शेवटी सही करणारा, वय एकोणऐंशी, नकाशा कार्यालयातून निवृत्त झालेला आरेखक, याच घरात राहणारा, माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ऐकू थोडे कमी येते, हात कापत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगी म्हणते, "बाबा, हा विषयच नको." माझी पत्नी गेल्या एप्रिलमध्ये वारली. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत ती काम करी. या घरात जपून ठेवण्यासारखे जे आहे ते बहुतेक तिचेच आहे, कागदोपत्री आता माझ्या नावावर आले आहे इतकेच.

कलम १. राहते घर, अंगणासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही, पण विकेपर्यंत बोअरच्या झाकणावर कुंडी ठेवू नये. तिला कुंड्यांची हौस आहे म्हणून लिहावे लागते. न्हाणीघराचे दार पावसाळ्यात फुगते, ते तासू नये. थंडीत आपोआप बसते.

कलम २. बँकेतली ठेव व पेन्शनची शिल्लक मुलीलाच.

कलम ३. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपासपेटी व शाईची सर्व पेने नातीला द्यावीत. भिंतीवर चेहरे काढते म्हणून तिला सगळे रागावतात. चेहरे चांगले असतात. शाईचे पेन वापरून झाल्यावर लगेच धुवावे. टी-स्क्वेअरने कोणाला मारू नये.

कलम ४. जेवणाचे मोठे टेबल व सहा खुर्च्या चौकडीला द्याव्यात. चौकडी म्हणजे माझी पत्नी, डोळ्यांचे डॉक्टर, पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त मास्तर आणि पत्नीची विद्यार्थिनी, जी आता संस्थेत तिच्याच जागेवर काम करते. सडसडीत आणि कायम टोकदार, म्हणून तिला आम्ही पेन्सिल म्हणतो. चौघेही चर्चला जाणारे आणि चौघेही विज्ञानात मुरलेले. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी या टेबलाभोवती बसून ते जगाची उत्पत्ती, चमत्कार आणि प्रार्थना यांवर वाद घालत. मी चहा करी आणि दार उघडी. मी त्यांच्या मंडळीतला नाही. चर्चमध्ये मी लग्नाला गेलो, मुलीच्या बाप्तिस्म्याला गेलो आणि आता हिच्या मातीला.

पण ते वाद ऐकायला मला आवडे. एकदा डॉक्टर म्हणाले, "डोळ्याची रचना बघितली की हात जोडावेसे वाटतात."

मास्तर म्हणाले, "आणि मोतीबिंदू बघितला की?"

"तेव्हा हात धुवावेसे वाटतात. ऑपरेशन करायचं असतं."

ही हसत म्हणाली, "दोन्ही वेळा हात त्याच माणसाचे ना? मग भांडता कशाला?"

आता ती खुर्ची रिकामी असते. तरी त्यांनी टेबल नेऊन गुरुवार चालू ठेवावेत. एक पाय आखूड आहे, खाली घडी केलेला पुठ्ठा लागतो.

कलम ५. तिची बाजाची पेटी चर्चला द्यावी. रविवारच्या उपासनेत ती तेहतीस वर्षे पेटी वाजवत होती. मंडळीत एक वयस्कर गृहस्थ होते, प्रत्येकाची श्रद्धा तोलून बघायचे, म्हणून आम्ही त्यांना तराजू म्हणत असू. तरुणांच्या वर्गात तिने सांगितले होते, की आपल्या पायांखालचे खोल पाणी दहा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस आहे. उपासनेनंतर तराजूंनी तिला पायरीवर अडवले.

"बाई, जगच तेवढं जुनं नाही."

"काका, मी पाण्याला विचारलं, पाणी जे म्हणालं ते मुलांना सांगितलं. पाणी देवाचं आहे. त्याच्या तोंडी मी माझे शब्द घालू का?"

पुढच्या रविवारी तराजूंनी तिच्यासाठी पेटीपाशी बसायची उशी नवी करून आणली. ती उशीही पेटीबरोबर द्यावी.

हे उत्तर तिने एकदाच दिले, पण ती रोज तसेच वागली. मोजमाप म्हणजे साक्ष, असे ती म्हणे. जे पाहिले ते लिहायचे, जे पाहिले नाही ते लिहायचे नाही. तिच्या लेखी आकडा खोटा लिहिणे आणि दहा आज्ञांपैकी एक मोडणे यात फरक नव्हता.

कलम ६. संस्थेच्या संचालकांनी माझी छत्री सात वर्षांपूर्वी नेली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. त्यांच्याबद्दल माझे मन साफ नव्हते. तिच्या प्रसिद्ध झालेल्या सर्व तक्त्यांत रविवारचे रकाने कोरे असत. त्यावरून ते सर्वांसमोर तिला विचारीत, "काय बाई, पाण्यालाही देवाच्या वारी सुट्टी का? की तुम्ही रविवारी डोकं घरी ठेवून जाता?"

ती म्हणे, "डोकं घरी ठेवलं तर पेटी कोण वाजवणार, साहेब? रविवारचे आकडे माझे नाहीत, म्हणून घेत नाही." सगळे हसत. मीही एकदा तिथे होतो. मला त्यांचा राग आला होता. पुढचे कलम वाचल्यावर कळेल की मला तो अधिकार नव्हता.

कलम ७. हे कलम लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली.

बोअरचे पाणी रोज सकाळी आठला मोजायचे, हा तिचा नेम एकतीस वर्षे चालला. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, वजन लावून टेप खाली सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचे. रविवारी आठला चर्चमध्ये उपासना असे, म्हणून रविवारचे मोजमाप माझ्याकडे आले. मंडळीतले लोक विचारीत, "मिस्टर दिसत नाहीत?" ती सांगे, "ते बोअरवर आहेत." हे ती अभिमानाने सांगे. मला चर्चला न जायला कारण मिळाले होते आणि तिच्या कामात एक जागाही.

पहिल्याच महिन्यात एका रविवारी पाणी शनिवारपेक्षा नऊ सेंटिमीटर वर आले. मी तीन वेळा टेप सोडली. तिन्ही वेळा तेच. मला वाटले माझाच हात चुकतो आहे. नकाशात समपातळीची रेघ अशी उडी मारत नाही. तिच्या सरळ ओळीत माझ्या नवख्या हाताने खड्डा पडला तर ती काय म्हणेल, या लाजेने मी शनिवारचाच आकडा दोन मिलिमीटरने बदलून लिहिला. पुढच्या रविवारी पुन्हा तसेच. काही आठवड्यांनी मनात आले, दुरुस्तच करायचे तर मोजायचे कशाला? तेव्हापासून मी वहीतला शनिवारचा आकडा बघून खुर्चीतच रविवारचा लिहीत असे. मुलगी लहान होती. "बाबा, आज पाणी किती?" असे ती विचारी आणि मी चहाचा कप हातात धरून सांगे.

उपासनेहून परत आल्यावर ही दारात चपला काढताना विचारी, "किती?" मी आकडा सांगे. ती "बरं" म्हणे.

या जानेवारीत पेन्सिल पत्नीच्या वह्या उतरवून घ्यायला आली. संस्था तिच्या नोंदींचे पुस्तक काढते आहे. दुसऱ्या वर्षाच्या वहीत एका रविवारी हिचे अक्षर होते. मी मागची पाने कधी उलटली नव्हती. त्या दिवशी तिला ताप होता, ती घरी होती आणि मी औषध आणायला गेलो होतो. तिने स्वतः मोजले होते. आकड्यासमोर बारीक पेन्सिलीने लिहिले होते: "मागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीचा बोअरवरचा पंप रविवारी बंद असतो. पाणी नऊ सेंमी वर. ह्यांचे रविवार वापरू नयेत. ह्यांना बोलू नये."

पेन्सिलने विचारले, "काका, हे काय आहे?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

तिने पान उलटले. माझ्या एकूण खोट्या नोंदींत हे उत्तर शेवटचे, आणि तेही पत्नीच्याच वहीसमोर बसून.

म्हणजे एकोणतीस वर्षे माझी पत्नी सर्व जाणून होती. मला काढून टाकणे सोपे होते. तिने रविवार काढून टाकले. माझे खोटे तिने एकाही तक्त्यात घेतले नाही आणि मला चारचौघांत उघडेही पाडले नाही. त्यासाठी संस्थेत तिने भोळी भाविक म्हणून स्वतःचे हसे करून घेतले.

आता त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत संचालक लिहीत आहेत, की धार्मिक श्रद्धेपायी बाईंनी एक सप्तमांश नोंदी सोडल्या आणि तेवढ्यापुरते त्यांचे काम उणे राहिले. पाद्रीसाहेब तिच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या उपासनेआधी कबरीच्या दगडावर कोरून घेणार आहेत, की हिने आपले रविवार प्रभूला दिले, आकडेसुद्धा. परवा मुलगी फोनवर म्हणाली, "साहेबांना काय लिहायचं ते लिहू देत. आईने रविवार सोडले याचा मला अभिमान आहे." एक तिला उणे ठरवतो, दुसरे दोघे गौरव करतात, आणि तिघांचेही कारण चूक आहे. तिची श्रद्धा खरी होती, पण तिने ती तक्त्यात घुसवली नाही. रविवार कोरे ठेवले ते एका शास्त्रज्ञाने, साक्षीदार खोटा निघाला म्हणून. तो साक्षीदार मी.

सबब, वरील मजकूर मी वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, लिफाफ्यात बंद केला आहे. तो माझ्या पश्चात उघडावा आणि संचालक, पाद्रीसाहेब व माझी मुलगी यांना एकेक प्रत द्यावी. पुस्तकात शुद्धिपत्र लावावे.

कलम ८. सर्व वह्या, टेप, वजन व खडूचा डबा पेन्सिलला द्यावा. पत्नी गेल्यापासून सातही दिवस मी मोजतो. रविवारी पाणी वर येते, लॉन्ड्रीचा धंदा अजून चालू आहे. हे रविवार वापरायला हरकत नाही. पण तिने एकदा स्वतः येऊन पडताळून घ्यावेत.

कलम ९. मंडळीची ना नसेल तर मला पत्नीच्या शेजारी पुरावे. ना असेल तर वाद घालू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डोळ्यांच्या डॉक्टरांनी करावी. ते उशिरा येतात पण येतात.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल. दिनांक वरीलप्रमाणे. वरील दहा कलमे माझ्या हातची आहेत आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी खाली सही केली आहे.

लिहून देणार, निवृत्त आरेखक (सही)

साक्षीदार पहिले, डोळ्यांचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसऱ्या, औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

टीप. ही नोंद मृत्युपत्राचा भाग नाही. साक्षीदार गेल्यानंतर, दुपारी एक वाजता लिहिली.

डॉक्टर वीस मिनिटे उशिरा आले. मजकूर त्यांनी वाचला नाही, साक्षीदाराने वाचायचा नसतो म्हणाले. सही करून पेन परत देताना मालकीणबाईंना म्हणाले, "बघा हो, हे गृहस्थ मृत्युपत्र करतायत! नाडी घोड्यासारखी आहे. अजून दहा वर्षं यांना काही होत नाही."

मालकीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडून गोळ्यासुद्धा घेत नाहीत. धंदा बुडवला माझा."

आम्ही तिघे हसलो. ते गेल्यावर मी टेबलाशी बसून राहिलो. दहा वर्षे. पुस्तक पुढच्या महिन्यात छापून होईल आणि दगडही बसेल. शुद्धिपत्र माझ्या मरणाची वाट पाहणार आणि तोवर मी चहा पीत खुर्चीत बसणार. हे पूर्वीही केले आहे.

लिफाफा फोडला. आतल्या मजकुराच्या दोन प्रती आणखी केल्या, नकाशावर नावे लिहितो त्या सुट्या अक्षरात, म्हणजे कोणाला वाचायला अडचण नको. संचालकांच्या प्रतीखाली लिहिले, की पुस्तक छापण्याआधी हे वाचावे. पाद्रीसाहेबांच्या प्रतीखाली लिहिले, की दगडावर फक्त नाव असावे. मुलीच्या प्रतीखाली काय लिहावे सुचेना. शेवटी लिहिले, "तू विचारायचीस तेव्हा मी पाहून सांगत नव्हतो. आई पाहत होती." कलम ७ मधला शेवटचा परिच्छेद आता लागू होणार नाही, हे डॉक्टरांना सोमवारी सांगेन. पेन्सिलला समोरासमोर सांगेन, तिने विचारले होते.

चौकातल्या टपालपेटीपर्यंत गेलो. दोन पाकिटे लगेच टाकली. तिसरे टाकायला वेळ लागला. मागे एक बाई पत्र घेऊन उभ्या होत्या, त्यांना आधी टाकू दिले. मग तेही टाकले आणि फटीत बोटे घालून पाहिले, अडकलेले नव्हते.

घरी आलो. टेबलावरचे तीन कप विसळून ओट्यावर पालथे ठेवले.