पहिल्या रांगेतली अर्धी छत्री

मारिना दी रावेन्ना,
१२ जून १९९४

प्रिय इरिदे,

तुझं इस्टरचं कार्ड पोचलं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी माझा गुडघा आणि मग स्वयंपाकघराची रंगरंगोटी. आता दोन्ही ठीक आहे. तू बरी असशील, त्रिएस्तेचं वारं सोसत असशील, तुझ्या बटणांच्या दुकानात गिऱ्हाईक येत असेल, असं मी धरून चालते. तसं नसेल तर कळव. आपणहून तू कधी काही कळवत नाहीस, म्हणून थोरल्या बहिणीला विचारावं लागतं.

इकडे सगळं जिथल्या तिथे. समुद्र तोच, कितीही आत चाललं तरी कमरेच्या वर न येणारा. "हा कसला समुद्र, ही तर परात आहे," असं तू म्हणायचीस. परात तशीच आहे. पाइनच्या रानातले डास यंदा माजलेत. रावेन्नाहून बस भरभरून माणसं येतात. परदेशी लोक सकाळी देवळांमधली सोन्याची मोझाइक चित्रं बघतात आणि दुपारी आमच्याकडे भाजून घ्यायला येतात. संध्याकाळी सगळे सारखेच लाल दिसतात.

आता एक गंमत सांगते. बसून वाच.

वानेसच्या किनाऱ्यावर पहिल्या रांगेतली छत्री हंगामभर भाड्याने मिळायची म्हणजे आधी कोणीतरी मरावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. आमची एक आणि शेजारी तुमची एक. माझा नेवियो वारला तरी मी आमची सोडली नाही. तू नवऱ्याला सोडून गेलीस तरी लेआर्कोने तुमची सोडली नाही. इतकी वर्षं मध्ये वाळूची पट्टी होती आणि दिवसाचे दोन नमस्कार, एक येताना, एक जाताना. त्यापलीकडे मी त्याच्याशी बोलत नव्हते. बहिणीने टाकलेल्या माणसाशी गप्पा मारत बसणं बरं दिसलं नसतं.

तर, मार्चमध्ये वानेस बाजारात भेटला आणि म्हणाला, "यंदाची छत्री धरू ना, झेलिंदा?" मी म्हटलं, "धर बाबा, पण मी एकटी, मला आता अर्धी पुरे." बोलायची रीत असते एकेक. पुढे कळलं ते असं की, तुझा नवराही त्याच आठवड्यात त्याला अगदी हेच म्हणाला होता.

पहिल्या दिवशी टोपली घेऊन गेले, तर आमच्या छत्रीखाली बोलोन्याचा कोणी दाताचा डॉक्टर, बायको आणि तीन कार्टी. आणि तुमच्या छत्रीखाली दोन खुर्च्या. एकीवर तुझा नवरा बसलेला, दुसरीवर चिठ्ठी डकवलेली: झेलिंदा.

"वानेस! हा काय चावटपणा?"

"चावटपणा कसला? तुम्ही दोघांनी अर्धी अर्धी मागितलीत. दोन अर्ध्या मिळून किती होतात?"

"अरे, ते बोलायला म्हटलं होतं मी!"

"मला एवढीच बेरीज येते," म्हणाला, आणि पाट्या रंगवायला निघून गेला.

मागच्या रांगेतली एल्वीरा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसली होती, आणि ते उलटं होतं. डॉक्टरकडे बघून मला म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!" पण तिचे डोळे काही डॉक्टरवर नव्हते.

तुझा नवरा उठला. म्हणाला, "मी जातो मागे." पण मागे जागाच नव्हती, सगळा किनारा इस्टरलाच भरला होता. मग मी बसले. रांग सोडून मागे गेले असते, तर हिवाळाभर बेकरीत लोकांनी मला विचारून विचारून मारलं असतं.

व्यवस्था अशी ठरली आहे: सकाळी सावली माझ्या बाजूला असते तेव्हा मी. दुपारी ती सरकत त्याच्याकडे जाते, तेव्हा मी जेवायला घरी. बोलणं नाही. तू असतीस तर हसून मेली असतीस.

गुडघ्याला काय लावतेस ते कळव.

तुझी,
झेलिंदा


मारिना दी रावेन्ना,
१७ ऑगस्ट

प्रिय इरिदे,

तुझं पत्र वाचलं. हसून पोट दुखलं म्हणतेस, बरं वाटलं. "त्याला सांग, उन्हात टोपी घाल," असं लिहिलंस, ते सांगितलं. टोपी घालतो.

परवा पंधरा ऑगस्टचा मरियामातेचा सण झाला. नेहमीसारखी कलिंगडं जाळ्यात बांधून पाण्यात ठेवली होती, नेहमीसारखं एक सुटून गेलं आणि पोरं त्याच्यामागे. दुपारी गार्बीनो सुटला. त्या गरम वाऱ्यात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही हे खरं. एल्वीराने स्वतःच्या सुनेला सगळ्यांसमोर "शहाणी" म्हटलं आणि सून तडक बस धरून रावेन्नाला निघून गेली. रात्रीपर्यंत समेट झाला.

बोलायचं नाही असं ठरवलं होतं खरं, पण पत्ते खेळायला चौघं लागतात. एल्वीरा आणि तिचा नवरा एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या. तुला आठवतं ना, खेळताना भिडूशी बोलायची सोय नाही, टेबलावर टकटक करायची किंवा पान घसरवायचं, इतकंच. तुझ्या नवऱ्याबरोबर मला ते जमतं. तो काय मागतोय ते मला लगेच कळतं. एल्वीरा सारखी हरते आणि आम्हाला लबाड म्हणते.

तो बदलला आहे, इरिदे. सिगारेट सोडली. पूर्वी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही, आता थांबतो. इतकी वर्षं रावेन्नाहून समुद्रावर येणारी बस चालवली, तरी अजून बसमध्ये चढला की ड्रायव्हरच्या मागे उभा राहून "आता ब्रेक, आता ब्रेक" पुटपुटतो. ते मात्र गेलेलं नाही. पीच सोलतो तेव्हा साल एका लांब पट्टीत काढतो आणि अर्धं मला देतो. मधून मधून तुझी चौकशी करतो.

आणखी एक झालं, ते तुला एल्वीराकडून कळण्याआधी मीच सांगते. गेल्या आठवड्यात पाण्यात चालताना माझा पाय वाळूतल्या काटेमाशावर पडला. तो दंश तुला माहीत आहे, आपल्या लहानपणी बाबांना झाला होता तेव्हा ते बैलासारखे ओरडले होते. मीही ओरडले. लेआर्को धावत आला, मला बाहेर ओढून काढलं आणि जिथे वाळू सगळ्यात तापलेली होती तिथे माझा पाय पुरला. विष गरमीनेच उतरतं. वाळू निवली की तो दुसरी गरम वाळू ओंजळीने आणून टाकायचा आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचा. जीवरक्षक म्हणाला, "आता मी बघतो," तर हा म्हणाला, "तू समुद्र बघ." सगळी पहिली रांग उभी राहून पाहत होती. मी रडले. दुखत होतंच, पण दुखणं थांबल्यावरही मी रडत होते. नेवियो गेल्यापासून डॉक्टर सोडून कोणी मला हात लावला नव्हता, ते तेव्हा लक्षात आलं.

यंदा टोमॅटो उदंड आलेत. बाटल्या भरून ठेवल्यात. तुला पाठवायच्या, तर टपालात फुटतील.

एल्वीरा रोज विचारते, "काय गं, पाय बरा झाला का? नाही, दोघांना मिळून एकच चप्पल शोधताना पाहिलं म्हणून विचारलं!" जिभेला हाड नाही त्या बाईच्या.

तुझी,
झेलिंदा


मारिना दी रावेन्ना,
९ सप्टेंबर

प्रिय इरिदे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बसले.

तब्येती ठीक आहेत. हवा निवळली आहे. डॉक्टरची कार्टी शाळेला गेली, किनारा निम्मा रिकामा झाला.

तू लिहितेस की, दुकान देऊन टाकायचा विचार आहे. त्रिएस्तेच्या खडकांवर बसून बसून पाठ मोडली, म्हणतेस. गुरुवारच्या गाडीने आठ दिवसांसाठी येतेस आणि बरं वाटलं तर राहशील, म्हणतेस. आणि पुढे लिहिलं आहेस, "तुझ्या पत्रातला लेआर्को मला आवडायला लागला आहे. तो असा होता हे मला कधी दिसलंच नाही. वानेसला सांगून माझी खुर्ची त्याच्या शेजारी टाकून ठेव. बायको आहे मी त्याची, अजून तरी."

अगं, काय करून बसले मी! तुला हसवायला लिहीत गेले आणि हातातलं पेन भलतीकडेच गेलं. पीच मी लिहिले, टोपी मी लिहिली, गरम वाळू मी लिहिली. तू त्याच्यापासून इतकी लांब गेलीस, आणि तुला परत बोलावलं कोणी, तर मी. कुठली बाई असं करते? नेवियो असता तर म्हणाला असता, "झेलिंदा, तोंड बंद ठेवायला शिकलीस, हात बंद ठेवायला कधी शिकणार?"

मधून मधून तुझी चौकशी करतो, हे खरं आहे. पण "इरिदे बरी आहे ना?" इतकंच विचारतो, आणि मी हो म्हटलं की दुसरं बोलतो. ती ओळ मी तशी लिहायला नको होती. पत्रात बरी दिसते म्हणून लिहिली.

आता जे लिहिलं नाही ते लिहिते. त्या पायाच्या दिवसानंतर तो मला घरी सोडायला आला. दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आला. तिसऱ्या दिवशी काही न घेता आला आणि मी सूप वाढलं. आता त्याचे कपडे माझ्या कपाटात आहेत. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही होते, आणि मी तुला टोमॅटोबद्दल लिहीत बसले. गावात कोणाला सांगितलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. वानेस आम्हाला बघून शिट्टी वाजवतो आणि स्वतःला मोठा हिशेबी समजतो.

मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला वाटलं होतं, हे सगळं आता इतरांसाठी असतं. मला त्याच्यावर प्रेम आहे, इरिदे. असं लिहिताना मला लाज वाटते, पण दुसरा शब्द सापडत नाही.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने ते घडी घालून पाकिटात ठेवलं. मग म्हणाला, "सांगायचं तू की मी?" मी म्हटलं, "माझी बहीण आहे, मी." तो म्हणाला, "तिला सांग, मला तिचा राग नाही. कधीच नव्हता. पण ती ज्या माणसाकडे येते आहे, तो माणूस तुझ्या शेजारी बसायला लागल्यावर झाला." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मला त्याचं वाईट वाटलं, तुझंही वाटलं, आणि आतून आनंद झाला. तो आनंद मी लपवणार नाही, नाहीतर पुन्हा तुला खोटं पत्र जाईल.

लहान होतो तेव्हा खिडकीजवळचा पलंग तुला, निळा फ्रॉक तुला. मी कधी कुरकुरले नाही, थोरलीने द्यायचं असतं. आईने तसं शिकवलं आणि मला ते जड गेलं नाही. हे मात्र मी देणार नाही. मी दोन रात्री प्रयत्न करून पाहिला. पहिल्या रात्री ठरवलं, त्याला कपडे उचलायला सांगते. सकाळी तो कॉफी करत होता, पाठ माझ्याकडे होती, आणि ते सांगायच्या ऐवजी मी दोन कप काढले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तू मला काय म्हणशील ते माझ्या डोक्यात रोज ऐकू येतं. म्हण. त्यातलं निम्मं खरं असेल.

तरी गुरुवारी ये. गाडी रद्द करू नकोस. हे पत्र एक्स्प्रेस टपालाने टाकते आहे, म्हणजे तू निघण्याआधी हातात पडेल. माझ्याकडे तुझी खोली तयार आहे, तू आहेस तोपर्यंत तो त्याच्या घरी राहील. खुर्ची मात्र मी वानेसला सांगितलेली नाही. ती तू येऊन स्वतः माग, हवी तिथे माग, मी मध्ये पडणार नाही.

स्टेशनवर मी एकटी येईन. तुला मला थोबाडीत मारायचं असेल तर तिथेच मार, फलाटावर. किनाऱ्यावर नको, सप्टेंबरात पहिल्या रांगेला बघायला दुसरं काही नसतं. आणि मारून झाल्यावर बॅग माझ्या हातात दे, मी धरीन. तू गाडीतून उतरली नाहीस, तर मी पुढच्या गाडीसाठी थांबेन, आणि तिच्या पुढच्याही.

त्याला मी सोडणार नाही. तुलाही नाही.

झेलिंदा