एकाच कोटातली माणसं

सोम. ३ नोव्हेंबर २००८, अकोला
तुळशीचं लग्न झालं की सीझन, आणि स्टुडिओचा कॉम्प्युटर तुडुंब. रफिकभाई (फोटोशॉपचं सगळं तेच बघतात, वडिलांच्या वेळेपासूनचे) रोज कुरकुर करतात. आज डबल फोटो शोधून उडवायचं सॉफ्टवेअर टाकलं. नव्वद टक्के सारखा दिसला की डबल, असं ठरवून दिलं. एकेक बघत कोण बसणार? सगळे एकदम डिलीट. कचरापेटीही रिकामी केली. भरपूर जागा झाली. घरी बायकोपुढे फुशारकी मारून झाली.

मंगळ. ४
रफिकभाईंनी ‘हार’ फोल्डर उघडलं. गेलेल्या माणसांचे, भिंतीवर लावायचे फोटो त्यात असतात. एकच उरलाय.
लोक खेड्यातून लग्नातला, जत्रेतला फोटो आणतात. त्यातला चेहरा कापून आम्ही काळ्या कोटावर बसवतो, मागे निळा पडदा. मूळ फोटो परत देतो, त्याचा स्कॅन ठेवत नाही. कोट सगळ्यांना तोच, टायही तोच. त्यात चेहरा असतो केवढासा. मशीनला सगळे एकच माणूस वाटले.
रफिकभाई म्हणाले, “मशीनची काय गलती? कोट तं आपनच घातला ना सगळ्याइले.”


गुरु. ६
उडवलेल्या फोटोंची यादी सॉफ्टवेअरमध्ये राहिलीय. वाचली. गेल्या तीन-चार वर्षांतले, बहुतेक तरणे शेतकरी. एकेक येत होता तेव्हा काही वाटलं नव्हतं, मी टायची गाठ सरळ करत होतो. लाज वाटते लिहितानासुद्धा.
दुपारी हिवरखेडच्या शोभाबाई. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. “फोटोले उधई लागली, भाऊ. जुना फोटो फ्रेमच्या मांगंच खोचला होता, तोबी खाल्ला. दुसरा काढून द्या.” घरात त्याचा दुसरा फोटो नाही. पोरगी चार वर्षांची, तिला बाप त्या फोटोतलाच माहीत. सोमवारी या म्हणालो. खरं सांगायला हवं होतं.

शनि. ८
हार्ड डिस्क घेऊन अमरावतीला. तिथल्या माणसानं विचारलं, डिलीट केल्यावर डिस्कवर काही टाकलं का? टाकलं ना. साक्षगंधाच्या फोटोंची दोन कार्डं. त्यानं कपाळाला हात लावला.
थोडे परत आले. शोभाबाईंच्या नवऱ्याचा अर्धाच. केस, कपाळ, डोळे. नाकाखाली नुसतं राखाडी.

सोम. १०
शोभाबाई आल्या. सगळं सांगून टाकलं, अर्धा फोटो दाखवला. शिव्या खायची तयारी होती. त्या स्क्रीनजवळ सरकल्या.
“डोये त्याइचेच हायेत.”
रफिकभाईंनी खुर्ची ओढून दिली. “ताई, खालचं तुमी सांगा, मी बनवतो.”
सांगू लागल्या. मिशी बारीक. खालचा ओठ जाड. हनुवटीवर तीळ.
“कोन्या बाजूले?” रफिकभाईंनी विचारलं.
बोट आधी स्वतःच्या हनुवटीवर डावीकडे ठेवलं. मग उजवीकडे. मग हात खालीच.
“मले कावून आठवून नाही राहिलं?”
आमच्यापैकी कोणाला विचारलं नव्हतं ते.
“सासूले इचारून उद्या येतो,” म्हणाल्या, आणि एसटीला गेल्या. रफिकभाईंनी फाईल बंद केलेली नाही. हे मी काय करून बसलो.