कंठ्यातली रिकामी जागा

प्रिय मश्हूरदादा,

सोबतची पुडी इतक्यात उघडू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग उघडताना खाली चादर अंथर आणि पंखा बंद कर. तुझ्या खोलीला गुळगुळीत फरशी आहे म्हणतोस. सांडलेलं पलंगाखाली जाईल, आणि वाकून शोधणारा माणूस तू नव्हेस.

सणाच्या दिवशी डक्रूरच्या डोंगरावर सगळ्यांदेखत आपण हात मिळवला, एका परातीत जेवलो. आता भांडण मिटलं असं तू धरून चालला असशील. मिटलेलं नाही. मनात राग ठेवून त्या परातीत हात घालायचा नाही, हे आपल्याला चालता येऊ लागल्यापासून शिकवलंय. मी तो घातला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. तुला तिकडे मात्रूहला, तुझ्या नोकरीच्या हॉटेलात लागत असेल.

उन्हाळ्यात फोनवर तू मला म्हणालास, "बायकांसारखा मणी ओवत बसतोस, तुला नोकरी म्हणजे काय ते काय कळणार?" ते मी गिळणार होतो. खरंच. सनूसीकाकांनी परातीपाशी आपल्याला समोरासमोर बसवून "चला रे भावांनो, हात मिळवा, मग बिस्मिल्ला" म्हटलं, तेव्हा माझा हात अर्धा पुढे आलाही होता. तेवढ्यात आपल्या बहिणीचे, मबरूकाचे होणारे सासरे तुला म्हणाले, "मश्हूर, पोरीच्या कंठ्यातला तुझा सर पाहिला हं. इतक्या लांब राहून घरची रीत सोडली नाहीस." आणि तू हसलास. "हाताची सवय आहे, हाजी सुरूर. डोळे मिटून ओवतो मी." असं म्हणालास, आणि माझ्याकडे बघून म्हणालास.

म्हणून मी हात मागे घेतला. तुला वाटलं, फोनवरचं जुनंच उकरतोय. वरून जेवण सुरू करायची हाळी आली, आजूबाजूच्या सगळ्या पराती सुरू झाल्या आणि आपली तेवढी अडली. काय काय ऐकलं मी त्या वेळी! "अरे ओम्रान, तुझा राग शिजेपर्यंत मटण गार होईल." "नवरीसुद्धा एवढे आढेवेढे घेत नाही रे!" पलीकडच्या परातीवरून कुणीतरी ओरडलं, "तुमची मेंढी अजून जिवंत आहे का?" सगळे हसले, तूही हसलास. भुकेल्या म्हाताऱ्यांची तोंडं बघवेनात, म्हणून मी हात दिला. तू तो दाबलास आणि कानाशी म्हणालास, "झालं समाधान, नाटक्या?"

नाटक कुणाचं, ते आता ऐक.

बागेतून पहिला खजूर घरी येतो त्या संध्याकाळी आपल्या अंगणात काय चालायचं, ते तू विसरला असशील तर आठवण करून देतो. बाबा थडग्यांच्या डोंगरावर राखणदार होते. तिथल्या एका जुन्या थडग्याच्या भिंतीवर झाडाशेजारी रंगवलेली जी बाई आहे, तिच्या गळ्यातल्या पट्ट्याचे रंग त्यांनी पुठ्ठ्यावर उतरवून आणले होते. तो पुठ्ठा मध्ये ठेवायचा, आई चहा करायची, टोपल्यांत मणी, आणि घरातल्या प्रत्येकाने, पुरुषानेसुद्धा, एकेक सर ओवून झाल्याशिवाय उठायचं नाही. ज्या वर्षी घरात लग्न, त्या वर्षीच्या सरांचा नवरीला कंठा. बायकांचं काम म्हणून शेजारी बाबांना हसायचे. बाबा त्यांच्यादेखत सुई तोंडात धरून दोरा ओला करायचे.

तुझ्या सरात दर वर्षी लालाच्या जागी हिरवा आणि हिरव्याच्या जागी लाल यायचा. मी लहानपणी एकदा "दादाचं चुकलं" म्हणून ओरडलो तर बाबांनी माझा कान पिळला. नंतर मला बाहेर नेऊन म्हणाले, "त्याला ते दोन रंग एकच दिसतात. पुन्हा बोललास तर बघ. हात चुकला तरी चालेल, हात घरचा हवा." बागेत तुला कधी झाडावर चढवलं नाही, टोपल्या वाहायला ठेवलं, ते याचसाठी; कच्चा-पिका खजूर तुला रंगावरून कळत नाही म्हणून. थोरला म्हणून तुला मान आहे असं मला सांगायचे. दादा, तुला वाटतं हे कुणालाच ठाऊक नाही. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सनूसीकाकांना, मबरूकालाही. कुणी एका शब्दाने तुला दुखवलं नाही. ते घर सोडून तू आम्हाला नोकरी शिकवतोस!

बाबा गेल्यापासून तू एकाही खजुराला आला नाहीस. तरी दर वर्षी तुझा सर खुंटीवर दिसायचा. "मश्हूरने पाठवला," आई म्हणायची. मला बरं वाटायचं. मागच्या वर्षी मी तो नीट पाहिला. लाल-हिरव्याची गल्लत होती, पण दर पाचव्या मण्याला, शिस्तीत. तू इतका नीटनेटका कधी चुकला नाहीस. आईला विचारलं. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, "घरात कमी सर नको दिसायला."

या वर्षी तिची बोटं वळत नाहीत. तुला माहीत नाही, कारण सणाला आलास तोही डोंगरावरूनच परत गेलास. ती दारात डाळिंबं सोलून बसली होती. स्वतःचा सर तिने कित्येक दिवस बसून पुरा केला, आणि मग तुझा दोरा माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "तूच ओव. पण चुका करत ओव, बाळा. सरळ ओवलास तर ओळखतील."

मी कसा आहे ते तू जाणतोस. एक मणी तिरका बसला तर मी सगळा सर उसवतो. तो मी, दिव्याखाली बसून, तुझ्या जुन्या सरांकडे बघत तुझ्या चुका गिरवत होतो. कुठे दोन लाल लागोपाठ, कुठे हिरव्याचा घोळका. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मनात म्हणत होतो, निदान त्याला लाज वाटेल. आणि तू म्हणालास, डोळे मिटून ओवतो!

सणाहून आलो तो सरळ कंठा काढला आणि तुझ्या नावाचा सर कात्रीने कापला. मबरूका किंचाळली. आता वर बाबांचा आहे, त्यांच्या शेवटच्या शरदातला जपून ठेवलेला, मग आईचा, मग उघडी जागा, मग माझा आणि सगळ्यांत खाली मबरूकाचा. आई बराच वेळ त्या फटीवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, "लग्नात ही जागा सगळ्यांना दिसेल." मी म्हणालो, दिसू दे. वाटलं, ती मला मारेल. ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला तिथे हात लावू देऊ नकोस."

म्हणून हे पत्र आणि म्हणून ही पुडी. कापलेल्या सरातले सगळे मणी तीत आहेत, एकत्र मिसळून. सुई आहे, दोरा मेण लावून ठेवलाय, लांबी मोजून दोन्ही टोकांना गाठीची खूण केली आहे. ऑलिव्हचा हंगाम आटोपला की लग्न. त्याआधी सर घेऊन स्वतः ये. बसवाल्याच्या हाती धाडू नकोस. हॉटेलात कुणाला रंग विचारू नकोस. मी एकेक मणी तपासणार आहे, आणि लाल-हिरवा जर जागच्या जागी, बरोबर निघाला, तर तो तू ओवलेला नाही असं समजून मी तो दारातच तुझ्या हातात परत देईन. चुकलेला असेल तर कंठ्यात बसवीन, आणि मग हात पुढे कर. या वेळी मी तो मागे घेणार नाही.

तोवर रागावलेला, पण तुझाच,
ओम्रान