कंबरमोडीचा अर्क

आई, तुले अन् बाबाले जयभीम.

नागपुरात मी मजेत हाय, मेसची भाजी तेवढी पानचट. फोनवर तू "सगळं बरं हाय" म्हणून फोन ठेवतं, म्हणून लिहून राह्यली.

तू जखमेवर लावतं त्या कंबरमोडीचा पाला पाठवला होता ना, त्याचा अर्क काढून काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर ठेवला. जंतू मेले तर भोवती मोकळं कडं पडते. पाण्यातल्या अर्कानं काहीच झालं नाही. स्पिरिटातल्या अर्कानं कडं पडलं, तं मी नाचलीच! आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, "पल्लवी, आता नुसतं स्पिरिट ठेवून बघ." त्याचंही कडं तेवढंच पडलं, म्हणजे जंतू स्पिरिटानंच मेले होते. चार महिने पाण्यात गेले, आई. बशा फोडाव्या वाटल्या.

मॅडम म्हणतात, एवढ्यानं पाला खोटा ठरत नाही. पण खराही ठरला नाही ना!

वहिनीनं सांगतलं, बाबाच्या पायाची जखम काळी पडून राह्यली. मले काहून नाही सांगतलं? इंझोरीत कितीकाच्या जखमा तुया हातानं भरल्या, मले माहीत हाय. पण बाबाले शुगर हाय. पाला सोड अन् त्याईले उद्याच वाशिमच्या दवाखान्यात ने. माह्यावर रागाव, बोलू नको, पण ने.

तुयी,
पल्लवी