दादाची परीक्षा दादानेच द्यावी

४ ऑगस्ट

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पासवर्ड मिळाला. फोनवर तू हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहूनच कळवते: तुझं ऑनलाइन प्रशिक्षण मी करून देणार नाही. कॉलेजात मुलींवर जबरदस्ती होताना दिसली तर आजूबाजूच्यांनी काय करायचं, हे तुझ्या नावाने मी शिकून काय उपयोग? शाळेतले तक्ते रंगवून दिले, तेवढं पुरे. ते प्रशिक्षण केल्याशिवाय क्रिकेटच्या संघात खेळू देणार नाहीत, ठाऊक आहे. तू रागावशील म्हणून कालपासून जेवण जात नाहीये, तरी नाही म्हणजे नाही.

लोभ कमी करू नकोस, आळस कमी कर.
तुझी धाकटी

११ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं! मित्र एका धड उभंही राहता न येणाऱ्या मुलीला पार्टीतून बाहेर नेतोय, तुम्ही काय कराल, असा प्रश्न होता. मी ‘त्यांचा खाजगी मामला’ निवडलं, तर अख्खा व्हिडिओ पुन्हा बघायला लावला. आमच्या कप्तानाने म्हणे आवाज बंद करून नुसतं ‘पुढे’ दाबलं. हुशार माणूस!

आता तरी नीट जेव.
दादा

२ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाई,
आशीर्वाद.

रविवारी दुपारी जिंकल्याची पार्टी होती. कप्तान पहिल्या वर्षातल्या एका मुलीला दंडाला धरून गाडीकडे नेत होता. तिची चप्पल मागे राहिली, तिला कळलंही नाही. व्हिडिओतलं एकही वाक्य आठवेना. आठवलीस तू, बाबांचा आवाज चढला की गणिताची वही घेऊन आई-बाबांच्या मधे येऊन बसणारी. मी चप्पल उचलली आणि ती तिच्या पायात चढवायला त्या दोघांच्या मधे उकिडवा बसलो. कप्तान बाजूला हो म्हणाला. मी आपला ‘चपलेचा पट्टा अडकलाय, पट्टा अडकलाय’ करत राहिलो, तोवर तिच्या मैत्रिणी आल्या आणि तिला घेऊन गेल्या.

शनिवारच्या सामन्यातून मला वगळलंय. असो, विषय संपला.

लोभ असू दे.
दादा

६ सप्टेंबर

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग दोन घास जास्त जेवले. पण विषय संपला हे पटत नाही. पुढच्या वेळी तू तिथे नसशील. त्या मुलीला विचार, आणि तिची तयारी असेल तर कॉलेजच्या तक्रार समितीकडे जा. तुझं खेळणं कायमचं सुटेल, या भीतीने हा कागद दोनदा फाडला. तरी लिहिते आहे.

रागावलास तरी उत्तर धाड.
तुझी धाकटी

२० सप्टेंबर

चि. मास्तरीणबाई,
आशीर्वाद.

ती तयार झाली. मैत्रिणीला घेऊन आली, मीही गेलो. कप्तानाने समितीला सांगितलं की यात काही वावगं असतं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. समितीच्या बाईंनी त्याचं त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्याच्यापुढे सरकवलं. पैकीच्या पैकी गुण.

चौकशी संपेपर्यंत तो संघाबाहेर आहे. मीही बाहेरच, निम्मा संघ बोलत नाही. खोटं कशाला सांगू, मैदान दिसलं की पाय तिकडेच वळतात. काल सरावाच्या वेळी नुसताच कडेला बसलो होतो. थोड्या वेळाने आमचा यष्टिरक्षक शेजारी येऊन बसला आणि प्रशिक्षणातल्या त्या पार्टीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर काय होतं, म्हणून विचारू लागला.

लोभ आहे तसाच ठेव. ती गणिताची वही मात्र टाकू नकोस.
दादा